कारखान्यात सुरू झालेला टर्मिनेटर

‘दुसऱ्या भागानंतरचा सगळ्यात चांगला.’ २०१९ च्या नोव्हेंबरात ‘टर्मिनेटर : डार्क फेट’ आला तेव्हा ज्या समीक्षकांना तो आवडला त्यांच्या लिखाणात हेच कौतुक फिरून फिरून येत होतं. मला ते वाचून सिनेमाची कीव आली. या मालिकेत भविष्यातली यंत्रं माणसांविरुद्ध उठतात आणि माणसांचा पुढारी होणाऱ्या जॉन कॉनरला, किंवा त्याच्या आईला, साराला, आधीच मारायला टर्मिनेटर नावाचं माणसासारखं यंत्र मागच्या काळात धाडतात. दुसरा भाग १९९१ चा. त्यानंतर तीन भाग येऊन गेले आणि त्यातल्या दोघांची तर समीक्षकांनी सालं काढली होती. त्यांच्यापेक्षा बरा असणं ही काय मोठी कमाई झाली?

आकडेच बघा. रॉटन टोमॅटोज नावाच्या साइटवर परीक्षणांची टक्केवारी निघते. २००९ च्या ‘साल्वेशन’ला तिथे तेहतीसच्या आसपास टक्के आहेत, २०१५ च्या ‘जेनिसिस’ला सव्वीस-सत्तावीस. ‘डार्क फेट’ सत्तरच्या घरात. म्हणजे मोठी उडी. पण २००३ चा तिसरा भाग, ज्याला आज कोणी विचारत नाही, तोही सत्तरच्या घरातच बसलेला आहे. सोळा वर्षं, मधले कोट्यवधी डॉलर, पहिल्या दोन भागांचा दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनचं निर्माता म्हणून परत येणं, साराचं काम करणाऱ्या लिंडा हॅमिल्टनचं परत येणं, आणि एवढं सगळं करून समीक्षकांनी दिलेले मार्क तेवढेच.

गल्ल्याचं तर उलटंच झालं. समीक्षकांनी झोडपलेल्या ‘जेनिसिस’ने जगभरात ४४ कोटी डॉलर मिळवले, त्यातले ११ कोटींहून जास्त एकट्या चीनमधून. बऱ्यापैकी कौतुक झालेला ‘डार्क फेट’ २६ कोटींवर थांबला, आणि त्याला खर्च आला होता साडेअठरा कोटींच्या वर. वाचणाऱ्याला वाटेल, मग साडेसात कोटी सुटले की. नाही सुटत. तिकिटातला जवळजवळ निम्मा पैसा थिएटरवाल्यांकडे राहतो, जाहिरातीचा खर्च वेगळा. दहा कोटींहून जास्त बुडाले अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. जळगावात डाळीच्या धंद्यात वावरणाऱ्या माणसाला हे चटकन कळतं. आमच्याकडेही बाजारभाव आणि हातात पडलेला पैसा यांच्यामध्ये अडत, हमाली, तोलाई, वाहतूक असं सगळं बसलेलं असतं.

मी एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये सॉर्टेक्स, म्हणजे डाळ निवडायचं मशीन, चालवतो. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, सगळे सॉर्टेक्सच म्हणतात. सिनेमावर लिहिणं हा माझा रात्रीचा उद्योग आहे आणि घरचे त्याला रिकामा उद्योग म्हणतात.

दुसरा भाग मी पाहिला तो भुसावळला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, केबलवाल्याने रात्री कॅसेट लावली तेव्हा. आवाज कधी यायचा, कधी नुसती खरखर. नाना लोको शेडमध्ये होते. त्यांना इंग्रजी सिनेमात काडीचा रस नव्हता, पण शेवटचा पोलादाच्या भट्टीचा भाग त्यांनी उभ्याने पाहिला. तो पाऱ्यासारखा वाहणारा माणूस वितळलेल्या पोलादात पडला तेव्हा म्हणाले, “याले भट्टीशिवाय दुसरा इलाजच नव्हता.” या सिनेमाला ऑस्करची चार बक्षिसं मिळाली, शंभर दशलक्ष डॉलर खर्चाचा टप्पा ओलांडणारा तो पहिला सिनेमा म्हणतात, वगैरे मी पुढे वाचलं. माझ्या लेखी त्याचं सगळ्यात मोलाचं परीक्षण नानांचंच.

‘डार्क फेट’ पाहायला माझ्यासोबत अमळनेरचा मित्र होता. हिंदी डबिंगचा शो, दिवाळी नुकतीच सरलेली, आणि त्या वर्षी परतीच्या पावसाने कपाशी, मका, ज्वारी, सगळ्याची माती केलेली. बाजारात डागी मालाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. थिएटरात गर्दी कसली, शेजारच्या पडद्यावर ‘हाऊसफुल ४’ चालू होता आणि त्याचं हसणं भिंतीतून ऐकू येत होतं.

सिनेमा सुरू झाल्यावर पाचच मिनिटांत मित्र खुर्चीत सरळ झाला. १९९८ साल, ग्वाटेमालाचा समुद्रकिनारा, सारा आणि तिचा मुलगा जॉन टेबलाशी बसलेत, आणि एक टर्मिनेटर चालत येऊन त्या पोराला गोळ्या घालतो. संपलं. ज्या जॉन कॉनरला वाचवण्यासाठी पहिल्या दोन सिनेमांचा खटाटोप, त्याचं काम दुसऱ्या भागात करणाऱ्या एडवर्ड फर्लाँगचा कोवळा चेहरा संगणकावर परत उभा केला तोच मुळी मारून टाकण्यासाठी. मित्राने मध्यंतरापर्यंत कसाबसा दम धरला.

“भाऊ, त्या पोऱ्यासाठी आपन दोन पिच्चर जीव मुठीत धरीसन बसनूत, नि यास्नी त्याले पाच मिनिटमा मारी टाकं!”

जगभरचे चाहते तेव्हा हेच म्हणत होते, फक्त इंग्रजीत आणि जास्त शिव्या घालून. सिनेमावरचा सगळ्यात मोठा राग हाच होता आणि आजही आहे. समीक्षक या ठिकाणी बरेच सौम्य होते. काहींना तर हे धाडस वाटलं.

मला विचाराल तर मारण्याबद्दल माझी तक्रार नाही. कथेतला माणूस मरू शकतो. तक्रार अशी की मारल्यावर त्या मरणाचं केलं काय? जॉनच्या जागी दानी नावाची मेक्सिकोची मुलगी आणून बसवली. माणसांविरुद्ध उठलेल्या स्कायनेट या संगणकाच्या जागी लिजन नावाचं नवं संगणकी भूत. भविष्यातून रक्षण करायला येणाऱ्या काइल रीसच्या जागी ग्रेस. मारायला येणारा रेव्ह-९. चौघं नवी, पण कामं जुनीच, आणि गोष्ट १९९१ च्याच चाकोरीतून शेवटपर्यंत चालते. दानी ही पुढच्या पुढाऱ्याची आई नसून स्वतःच पुढारी आहे, हा एक बदल चांगला, पण तो कळतो तोवर प्रेक्षकाने मनातल्या मनात कधीच ओळखलेला असतो. एवढ्यासाठी जॉनला मारायची गरज नव्हती, असं मित्राला म्हणालो तर तो म्हणाला, “तेच ते मी सांगी ऱ्हायनू.” तो ते सांगत नव्हता, पण असो.

तीन बायका पुढे आहेत म्हणून सिनेमा पडला, असं म्हणणाऱ्यांचीही एक फौज होती. त्यांची बडबड ट्रेलर आला तेव्हापासून चालू होती. १९८४ च्या पहिल्या सिनेमात हॉटेलात वेटरचं काम करणारी सारा शेवटी एकटीच उरते आणि एकटीच त्या यंत्राला संपवते, हे या मंडळींनी पाहिलं नसावं. त्यांच्यावर याहून जास्त ओळी घालवत नाही.

गल्ला पडायचं माझ्या मते खरं कारण वेगळं आहे आणि ते आधीच्या भागात दडलंय. ‘जेनिसिस’च्या वेळी खुद्द कॅमेरॉनने जाहीरपणे सांगितलं होतं की आपल्या लेखी हाच खरा तिसरा भाग. लोक त्या भरवशावर गेले आणि तोंड पाडून बाहेर आले. चारच वर्षांनी तोच कॅमेरॉन ‘डार्क फेट’ घेऊन आला आणि आता सांगणं असं की मधले तीनही भाग विसरा, दुसऱ्या भागाची खरी पुढची गोष्ट ही. बाजारात एकदा ओलं धान्य कोरडं म्हणून विकलं की पुढच्या खेपेला कोरडं आणलं तरी व्यापारी पोत्यात हात घालून घालून बघतो. ‘जेनिसिस’चं पाप ‘डार्क फेट’ने फेडलं. सत्तर टक्के समीक्षक बरं बोलले तरी काय उपयोग, समोरच्याचा विश्वास आधीच गेलेला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. या सिनेमात सुरुवातीला एक तुकडा आहे. मी वाचलेल्या परीक्षणांत त्याच्यावर कोणी एका वाक्यापलीकडे थांबलेलं नाही.

मेक्सिको सिटीतली दोन भावंडं, दानी आणि दिएगो, सकाळी मोटारीच्या कारखान्यात कामाला जातात. आत गेल्यावर कळतं की दिएगोच्या जागेवर आता यंत्र उभं आहे. काल त्याचं काम होतं, आज एका यांत्रिक हाताचं. दानी वरच्या माणसाशी भांडायला जाते. याच्याशी भविष्यातून आलेल्यांचा काही संबंध नाही, कडाडणाऱ्या विजांचा नाही, रस्त्यावर पडलेल्या नागड्या माणसाचा नाही, आणि तरी यंत्राने माणसाला हटवलेलं आहे. मी खुर्चीत पुढे सरकलो. मला वाटलं, अरे, हा सिनेमा आता आपल्याबद्दल बोलणार.

आमच्या मिलमध्ये सॉर्टेक्स यायच्या आधी डाळ निवडायला बायका होत्या. पत्र्याच्या शेडखाली पोत्यांवर ओळीने बसायच्या, पुढ्यात सूप, निवडलेल्या मालावर मजुरी. खडा, काळा दाणा, साल राहिलेली डाळ, किडका दाणा, सगळं बोटांनी. मग यंत्र आलं. वरून डाळ घसरगुंड्यांवरून पातळ होऊन पडते, मध्ये कॅमेरे असतात, डागी दाणा दिसला की हवेची बारीक पिचकारी नेमकी त्याच दाण्याला उडवते. एका दाण्यासाठी एक फुंकर, आणि अशा फुंकरा इतक्या भराभर की नुसता तडतड आवाज ऐकू येतो. शेडखालच्या काही जणी पॅकिंगला गेल्या, काही केळीच्या बागांत घड वाहायला लागल्या, काहींचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. त्यांच्यातल्या एक मावशी, ज्या हिशोब घ्यायला आल्या होत्या, मशीनपाशी थांबल्या. रिजेक्टच्या पोत्यात हात घातला, मूठभर डाळ तळहातावर पसरली आणि मला म्हणाल्या, “बघ रे, चांगला दाणाबी फेकी राह्यलं तुझं मशीन.”

खरं होतं. सॉर्टेक्स चांगला दाणाही फेकतंच, कारण डागी दाण्याच्या शेजारून पडणाऱ्यालाही फुंकर लागते. म्हणून रिजेक्ट माल परत एकदा मशीनमधून काढतात. सेन्सिटिव्हिटी वाढवली तर चांगलं जास्त जातं, कमी केली तर काळं राहतं. त्या पावसाळी दिवाळीत डागी उडदाने आमचं मशीन रात्रंदिवस चालू होतं आणि मी दिवसभर तेवढंच करत होतो, बटण इकडे, बटण तिकडे.

तर पडद्यावर दिएगोच्या जागी यंत्र बसलं आणि मी वाट बघत राहिलो. रेव्ह-९ दानीच्या बापाचं रूप घेऊन कारखान्यात येतो, ग्रेस त्याला अडवते, हाणामारी होते, भावंडं पळतात, हायवेवर पाठलाग होतो, त्यात दिएगो मरतो. आणि त्याच्याबरोबर त्याची नोकरीही सिनेमातून जाते. पुढे कोणी त्या यांत्रिक हाताचं नाव काढत नाही. शत्रू पुन्हा तोच, सायबर युद्धासाठी बनवलेली आणि हाताबाहेर गेलेली बुद्धी. कारखान्यातलं यंत्र तिथेच मोटारी जोडत राहिलं आणि सिनेमा धावत सुटला सीमेकडे.

गंमत अशी की या मालिकेतले दोन्ही चांगले सिनेमे कारखान्यातच संपतात. पहिल्यात रीस पळता पळता कारखान्यातली सगळी यंत्रं चालू करून देतो, टर्मिनेटरला आपला आणि साराचा माग लागू नये म्हणून. मग सारा त्या सांगाड्याला हायड्रॉलिक प्रेसखाली घेते आणि बटण दाबते. कापून टाकलेल्या एका दृश्यात तर तो कारखाना सायबरडाइन कंपनीचाच निघतो, म्हणजे जिथून पुढे सगळं रामायण घडणार तिथलाच. दुसऱ्यात पोलादाची भट्टी. दोन्ही वेळी भविष्यातलं भारी यंत्र मरतं ते कामगाराच्या रोजच्या वापरातल्या साध्या यंत्राने. नाना उभं राहून बघत होते ते उगाच नाही. त्यांना प्रेस म्हणजे काय आणि भट्टी म्हणजे काय हे हातांनी माहीत होतं.

‘डार्क फेट’चा शेवट धरणातल्या टर्बाइनपाशी होतो, म्हणजे करणाऱ्यांच्या डोक्यात हे कुठेतरी होतं. पण तिथवर पोचेपर्यंत आपण दमतो. विमानातली मारामारी, विमानातून पडणं, पाण्याखालची मारामारी, सगळं अंधारात आणि सगळं संगणकावर काढलेलं. इथे समीक्षकांशी माझं पूर्ण जमतं, बऱ्याच जणांनी हीच तक्रार केली. रेव्ह-९ सांगाड्यापासून कातडं वेगळं करून एकाचे दोन होतो, कल्पना छान, पण त्याला वजन नाही. १९९१ च्या सिनेमात संगणकाची करामत पाचेक मिनिटांची होती म्हणतात. बाकी बाहुल्या, मुखवटे, आणि चक्क जुळी माणसं. कॉफी मशीनपाशी पहारेकऱ्यासमोर दुसरा पहारेकरी उभा राहतो ते खरेखुरे जुळे भाऊ आहेत. लिंडा हॅमिल्टनच्या जुळ्या बहिणीचाही वापर केला होता. खरा ट्रक आपटला की खुर्चीला कळतं.

मात्र एका बाबतीत समीक्षक, मित्र, मी आणि माझी बायको, सगळ्यांचं एकमत झालं, ते म्हणजे कार्ल. जॉनला मारल्यावर काम संपलेला तो म्हातारा टर्मिनेटर टेक्सासात एका बाईला आणि तिच्या मुलाला सांभाळत राहतो आणि पडद्यांचा धंदा करतो. खिडकीच्या पडद्यांचा. एका गिऱ्हाइकाला मुलीच्या खोलीत साधे एकरंगी पडदे हवे होते, ते किती चुकीचं आहे, तिथे फुलपाखरं हवीत, फुगे हवेत, हे आर्नोल्ड श्वार्झनेगर दगडी चेहऱ्याने समजावून सांगतो. बायकोने पुढे टीव्हीवर पाहिला तेव्हा बाकी सिनेमाभर ती मेथी निवडत होती, इथे हात थांबला. म्हणाली, “हा माणूस बरोबर बोलतोय.” त्याच महिन्यात आमच्या पुढच्या खोलीचे तपकिरी पडदे गेले.

आणि हॅमिल्टन. साठी ओलांडलेली, पांढरे केस, घोगरा आवाज, मुलाच्या मरणाने आतून करपलेली बाई. कार्लच्या दारात ती बंदूक घेऊन उभी राहते आणि त्याच्याच घरात तिला बसावं लागतं, तेव्हा दोघांच्या मध्ये जे आहे ते विमानं पाडून मिळत नाही.

म्हणूनच कॅमेरॉनने २०२२ च्या सुमारास जे सांगितलं ते मला पटलं नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की हॅमिल्टन एकटी असती किंवा आर्नोल्ड एकटा असता तरी निभलं असतं, दोघांना एकत्र घेतल्यावर तो तरुणांना आजोबांचा सिनेमा वाटला. अहो, आजोबा-आजीच तर चालले. पडलं ते त्यांच्या भोवतीचं. दिग्दर्शक जॉर्ज मिलरने तीस वर्षांनी ‘मॅड मॅक्स’ परत आणला तेव्हा तो स्वतः सत्तरीला टेकलेला होता. नट नवा, पण गाड्या खऱ्या, वाळवंट खरं. सहा ऑस्कर घेऊन गेला. वय आडवं आलं नाही.

मित्राचं अजून जॉनवरच अडलंय. मागे लग्नात भेटला तेव्हा शेवभाजी वाढून घेता घेता पुन्हा तोच विषय. त्याला म्हटलं, तू दिएगोचं कधी बोलतोस का? म्हणाला, “कोन दिएगो?”

तुम्ही पाहणार असाल तर सुरुवातीचा अर्धा तास नीट बघा, मग कार्लचं घर येईपर्यंत जेवणं उरकून घ्या. विमानाच्या भागाला टीव्हीचा ब्राइटनेस वाढवा, नाहीतर काही दिसत नाही. हिंदी डबिंगमध्ये काही विनोद जातात, पडद्यांचा राहतो.